परवानगी मागून पाहिलेली दरी : मोलोकाईवरचं हालावा

हालावा ही हवाईतल्या मोलोकाई बेटाच्या पूर्व टोकाची दरी. काउनाकाकाई गावातून निघालेला ४५० क्रमांकाचा रस्ता तिथे जाऊन संपतो. समुद्रकिनारा आणि त्याला लागून असलेलं छोटं उद्यान सगळ्यांसाठी खुलं आहे. दरीच्या आत मोआउला धबधब्याकडे जाणारी पायवाट मात्र खासगी जमिनींतून जाते, आणि तिथला माणूस सोबत असल्याशिवाय त्या वाटेने जायचं नसतं. नकाशावर वाट दिसते, धबधब्याचे फोटोही ढिगाने सापडतात, म्हणून काही जण गाडी लावतात आणि सरळ चालू लागतात. आम्हाला तसं जायचं नव्हतं. रीतसर कसं जायचं, याबद्दल मराठीत मला काही मिळालं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही सॅन होजेला राहतो. आई राजापूरहून काही महिने आमच्याकडे आली होती. हवाईचा बेत ठरला तेव्हा ती म्हणाली, "समुद्र मी जन्मभर बघितलाय. तिथली माणसं शेती कशी करतात ते दाखव." त्यातून मोलोकाई पुढे आलं. सात हजारांच्या आसपास वस्तीचं हे बेट. एकही ट्रॅफिक सिग्नल नाही. इथल्या लोकांनी मोठी हॉटेलं आणि बंगल्यांचे प्रकल्प वेळोवेळी रोखून धरले. लाआउ पॉइंटवरच्या घरबांधणीला इतका विरोध झाला की २००८ मध्ये बेटावरच्या सर्वांत मोठ्या जमीनमालक कंपनीने आपला गाशाच गुंडाळला. त्यात लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हेही खरं. अशा ठिकाणी पाहुणा म्हणून जायचं तर यजमानांच्या अटींवरच जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

दरीत नेणाऱ्या कुटुंबाला मी निरोप पाठवला. तारीख, माणसं किती, वयं काय, हे सगळं लिहिलं. उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्यात उलट प्रश्न होते : तुम्ही मूळचे कुठले? तुमच्या गावाला नदी आहे का? का यायचंय? मी आईला वाचून दाखवलं. ती खूश झाली. "सांग त्यांना, राजापूर. अर्जुना नदी. दर पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी येतं म्हणावं." मी तसंच लिहिलं. त्यानंतर तारीख पक्की झाली. सोबत सूचना आल्या. येताना काहीतरी भेट आणा, महाग नको, तुमच्या घरची असू दे. पाण्यात चालतील असे बूट आणा, आणि ते धुऊन आणा, तळव्यांना दुसरीकडची माती नको. डोंगरात पाऊस झाला तर भेट रद्द होईल, आणि ते ऐन सकाळीच कळेल.

भेट म्हणजे होओकुपू. आईने रव्याचे लाडू वळले. हवाईत उतरण्याआधी शेतमालाचा फॉर्म भरावा लागतो. ताजी फळं, रोपं, बिया यांवर कडक नियम आहेत, कारण बाहेरची कीड बेटांवर आली की तिथली झाडंपाखरं जगत नाहीत. शिजवलेल्या पदार्थाची अडचण येत नाही. सनस्क्रीनही नवीन घेतलं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. ही रसायनं प्रवाळाला मारक ठरतात.

होनोलुलूहून मोलोकाईला नऊ आसनी विमानाने गेलो. विमान इतकं लहान की सामानासकट माणसांचंही वजन करतात. मोलोकाईला पूर्वी माउईहून फेरी होती, ती २०१६ मध्ये बंद पडली. भाड्याच्या गाड्या थोड्याच असतात, तेव्हा गाडी आधीच ठरवावी आणि पेट्रोल काउनाकाकाईतच भरावं. पुढे पंप नाही आणि दरीत मोबाइलला रेंज नाही.

रस्ता ४३ किलोमीटरचा, पण दीड तास धरायचा. सुरुवातीला डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे उथळ समुद्र आणि त्यात दगडी बांधांनी वेढलेली जुनी मत्स्यतळी. भरतीबरोबर लहान मासे फटींतून आत येतात, वाढतात आणि मग बाहेर पडू शकत नाहीत. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर अशी साठाहून जास्त तळी होती. कामालोला, कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या फादर डेमियननी १८७६ मध्ये बांधलेलं सेंट जोसेफचं छोटं चर्च लागतं. याच बेटाच्या उत्तरेला कलाउपापा आहे. १८६६ पासून कुष्ठरुग्णांना तिथे सक्तीने नेऊन सोडत, आणि ती सक्ती १९६९ पर्यंत चालू होती. आई चर्चपाशी गाडीतून उतरली, आनंदवनाचं नाव घेतलं आणि बराच वेळ आत बसून राहिली. पुढे रस्ता एकेरी होतो. वळणावर हॉर्न वाजवायचा, समोरून गाडी आली तर जागा द्यायची, आणि हात करायचा. सगळे करतात.

शेवटच्या वळणावरून दरी पूर्ण दिसते. मागे दोन धबधबे, मध्ये हिरवं रान, पुढे नदी समुद्राला मिळते.

खाली आमच्या यजमान उभ्या होत्या. पन्नाशीच्या असतील. सगळे त्यांना आंटी म्हणत होते, आम्हीही तेच म्हटलं. आधी त्यांनी टी नावाच्या झाडाची लांब, चकचकीत पानं आमच्या हातात दिली. दोन पानं एकमेकांवर आडवी ठेवायची, मधोमध लाडू, चारी टोकं वर घ्यायची आणि देठाने घट्ट बांधायचं. देठ आधी उभा चिरून मऊ करावा लागतो, नाहीतर मोडतो. माझा मोडला, आईचा पहिल्याच खेपेला बसला. मग वाटेच्या तोंडाशी त्यांनी शंख फुंकला. लांब, एकसुरी. आम्ही थांबलो. थोड्या वेळाने आतून दुसऱ्या शंखाने उत्तर आलं. उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा नियम.

आत गेल्यावर आंटींनी ओली, म्हणजे सुरात म्हणायचं हवाईयन स्तोत्र, म्हटलं. आम्ही कोण, कुठून आलो, कशासाठी आलो, हे त्यांनी दरीला आणि तिथे होऊन गेलेल्या पूर्वजांना सांगितलं आणि आत येऊ देण्याची विनंती केली. मध्येच आमचं गाव, नदी आली. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. "गाऱ्हाणंच की हे," ती माझ्या कानात म्हणाली. कोकणात गावऱ्हाटीत गुरव किंवा मानकरी देवापुढे उभा राहून असंच नावागावासकट मागणं मांडतो, ते तिने लहानपणापासून ऐकलंय. ओली चालू असताना फोन खिशात ठेवायचे, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. नंतर होनी : कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा. माझा बारा वर्षांचा मुलगा जरा बुजला होता. आंटींनी घाई केली नाही, तो पुढे झाला तेव्हाच केलं.

त्यानंतर आम्ही छपराखाली बसलो आणि बराच वेळ फक्त ऐकलं. हवाईतल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी ही एक मानली जाते. समुद्रापासून डोंगरापर्यंत इथे कालोची शेतं होती. कालो म्हणजे अळूच. १ एप्रिल १९४६ ला अल्यूशियन बेटांजवळ भूकंप झाला आणि काही तासांत त्सुनामी हवाईवर येऊन आदळली. हवाई बेटांवर मिळून १५९ माणसं गेली. पुढे १९४९ मध्ये पॅसिफिकसाठी इशारा देणारी यंत्रणा उभी राहिली ती यातूनच. हालावात खारं पाणी शेतात घुसलं, माती खारावली. १९५७ मध्ये पुन्हा लाट आली. बहुतेक कुटुंबं दरी सोडून गेली आणि शेतांवर रान माजलं. आता थोडी थोडी शेतं पुन्हा साफ करून लावली जात आहेत.

एका शेताच्या बांधावर आम्ही गेलो. नदीचं पाणी पाटाने आणून वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात सोडलेलं, आणि शेवटी परत नदीला. पाणी सतत वाहतं आणि थंड असायला लागतं. साचलं, तापलं, की कंद कुजतो. आंटींनी तिथे हालोआची कथा सांगितली. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथे कालोचं रोप उगवलं. दुसरा मुलगा जगला, तो माणसांचा पूर्वज. म्हणून कालो थोरला भाऊ, त्याची काळजी घ्यायची, तो आपल्याला जेवू घालतो. कालोचा कंद वाफवून कुटलेली पोई ताटात असेल तेव्हा भांडायचं नाही, थोरला भाऊ समोर बसलेला असतो.

आई वाफ्याशी वाकून पान उलटंसुलटं बघत होती. "खाजत नाही का?" तिने विचारलं, मी भाषांतर केलं. आंटी हसल्या. कच्चं खाल्लं तर घसा धरतो, म्हणाल्या, म्हणून तासन् तास वाफवायचं. आईने सांगितलं, आम्ही चिंच घालतो, वर दाणे आणि हरभऱ्याची डाळ. आंटींनी चिंचेचं कसं, किती, कधी, सगळं विचारून घेतलं. पोई आईला आवडली. मला चव बेताचीच वाटली, पण त्या वाफ्याशेजारी बसून ती खायला मिळाली याचं मला फार अप्रूप आहे.

धबधब्यापर्यंत जाऊन-येऊन सहा किलोमीटरच्या आसपास चाल होते. नदी दोनदा ओलांडावी लागते. झाडीत जागोजाग जुने दगडी बांध, घरांची जोती, आणि हेइआउ, म्हणजे पूजास्थानं, आहेत. त्यांवर चढायचं नाही, दगड हलवायचा नाही, एकावर एक रचायचा नाही. पर्यटक दगड पानात गुंडाळून हेइआउवर ठेवतात, तेही इथल्या लोकांना नको असतं. आईला काठी दिली होती, दुसऱ्या ओलांडणीला आंटींचा पुतण्या तिचा हात धरून होता.

मोआउला सुमारे ७५ मीटरवरून कोसळतो. खालच्या डोहात मोओ राहते, असं मानतात. मोओ म्हणजे पाण्याची राखण करणारी, सरड्याच्या रूपातली देवता. डोहात टी पान सोडायचं. तरंगलं तर उतरा, बुडालं तर नका उतरू. आमचं पान तरंगलं. तरी मुलाच्या गुडघ्याला वाटेत खरचटलं होतं, म्हणून आंटींनी त्याला उतरू दिलं नाही. हवाईच्या गोड्या पाण्यात लेप्टोचा धोका असतो. मुंबईच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तो रुसला, मग पाय आखडून खडकावर बसून इतरांना पोहताना बघत राहिला.

परत आल्यावर ठरलेली रक्कम दिली. ती रोख न्यावी.

कोणी जाणार असेल तर : बेटावर एक दिवस जास्तीचा ठेवा, कारण नदी गढूळ झाली की भेट रद्द होते आणि तो निर्णय यजमानांचा असतो, त्यावर घासाघीस करू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी धबधब्याचा आग्रह सोडावा. चालायचं नसेल तर आधीच विचारा, दरीच्या तोंडाशी बसून फक्त कथा ऐकता येतील का. आणि नकार आला तर रस्त्यावरच्या त्या शेवटच्या वळणावरून धबधबे दिसतात, खालच्या किनाऱ्यावर बसता येतं, तेवढं बघून परत फिरावं.