पेलीचं घड्याळ आणि आमच्या खिडकीतली कुंभारीण

रविवारी मिस्सा झाल्यावर आमच्या चर्चमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. दहावीच्या आसपासची मुलं माझ्याकडे असतात. आठवडाभर शाळेत जीवशास्त्र शिकवतो, म्हणून 'देव आहे कशावरून?' हा धडा दर वर्षी माझ्याच गळ्यात पडतो. त्यातलं उदाहरण ठरलेलं: माळावर दगड दिसला तर कोणी थांबत नाही, पण घड्याळ सापडलं तर ते घडवणारा कोणीतरी असलाच पाहिजे, मग डोळा घडवणारा नको का? विल्यम पेली या इंग्लिश धर्मोपदेशकाने १८०२ साली हा युक्तिवाद मांडला.

मला पेली आवडतो. डोळ्याचं भिंग, सांधे, मणके यांच्याबद्दल तो इतका जीव लावून लिहितो, की शरीररचनेच्या प्राध्यापकाने हेवा करावा. तरुण डार्विनला तर तो वाचताना युक्लिडच्या भूमितीइतका आनंद झाला होता. पण घड्याळं अंडी घालत नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे. जग यंत्रासारखंच का मानायचं, प्राण्यासारखं किंवा झाडासारखं का नाही, हे डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने आधीच विचारून ठेवलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये ते छापलं गेलं. पिल्लं होतात, त्यांच्यात थोडाथोडा फरक असतो, काही टिकतात, बरीच मरतात; एवढ्यावर डोळा कसा घडू शकेल ते डार्विनने १८५९ मध्ये दाखवलं. हे मी मुलांपासून लपवत नाही. सोमवारी शाळेत एक आणि रविवारी चर्चमध्ये दुसरं, हे मला जमायचं नाही.

माझ्या मते खरी अडचण डोळ्याची नाहीच, कुंभारणीची, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीची आहे. आमच्या खिडकीच्या चौकटीत ती मातीचं इवलंसं मडकं करते. त्यात अंडं घालते, डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या जिवंतच कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. तिच्या पिल्लाला अन्न ताजं मिळतं. आपल्या संतपरंपरेत याच मडक्यावरून दृष्टांत आहे, की ध्यास घेऊन घेऊन अळीची भिंगुरटी, म्हणजे हीच कुंभारीण होते. आत अळी गेली, बाहेर भिंगुरटी आली. पाहणाऱ्याला दुसरं काय वाटणार! डार्विनला मात्र अशाच एका परजीवी गांधीलमाशीच्या कुळात भक्ती दिसली नाही. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने जिवंत अळ्यांना आतून खाण्यासाठी हिला मुद्दाम निर्माण केलं, हे मनाला पटत नाही, असं त्याने मे १८६० मध्ये आसा ग्रेला कळवलं. ग्रे हा अमेरिकेतला वनस्पतिशास्त्रज्ञ, उत्क्रांती मानणारा आणि श्रद्धाळू ख्रिस्ती. तो काही डार्विनला पटवू शकला नाही, पण मैत्री टिकली.

पेलीला जग एकंदरीत सुखी वाटत होतं. वसंतात हवेत बागडणाऱ्या नवजात माश्या त्याने त्याचा दाखला म्हणून दिल्या. पण कोणत्या माश्या जमेला धरायच्या हे आपणच ठरवणार असू, तर तो पुरावा कसला? इंग्लंडमधले कॅथलिक विचारवंत कार्डिनल न्यूमन यांनी १८७० मध्ये एका पत्रात लिहिलं होतं, की मी देवाला मानतो म्हणून सृष्टीतली योजना मानतो. योजना दिसते म्हणून देव मानतो असं नाही. मी याच बाजूचा. सृष्टी पाहून स्तुती सुचते, आणि ती मला खोटी वाटत नाही. पण न मानणाऱ्याला हरवायला ती वापरली की दोन्हीकडून पंचाईत होते.

बायबलमध्ये तरी सृष्टी कुठे इतकी गोजिरवाणी आहे? १०४ व्या स्तोत्रात सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि ते देवाकडेच अन्न मागतात. ईयोबाने दुःखाचा जाब विचारला तेव्हा देव त्याला वादळातून शहामृग दाखवतो, जी आपली अंडी धुळीत टाकून विसरते. गरुडाची पिल्लं रक्त पितात हेही सांगून टाकतो. स्वतःचं अस्तित्व मात्र कुठेच सिद्ध करत बसत नाही. पुढच्या वर्षी धडा घड्याळाऐवजी ईयोबापासून सुरू करायचा विचार आहे. फादरना अजून सांगितलेलं नाही.