पहिला नंबर नक्की कोणत्या शहराचा?

शहराची प्रगती म्हटलं की लोक थेट जीडीपी बघतात, पण ते मिळवायला शहराने किती वीज, पाणी, जमीन, माणसं खर्ची घातली हे कुणी विचारतच नाही. हे मोजायला डीईए म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस नावाची पद्धत आहे, चार्न्स, कूपर आणि रोड्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली. यात सगळ्यात काटकसरीने काम करणारी शहरं मिळून एक सीमारेषा बनते, तिच्यावर असाल तर स्कोअर १, आत असाल तर कमी.

खरी गंमत धुराची. समजा दोन शहरांचा खर्च सारखाच, एक कमावतं १०० आणि धूर सोडतं ५०, दुसरं कमावतं ९० पण धूर फक्त २०. नुसती कमाई धरली तर दुसऱ्याला ०.९, आणि धूर 'नको असलेलं उत्पादन' म्हणून हिशोबात घेतला की तेही थेट १ वर! म्हणजे धूर मोजायचा की नाही हे ठरवणाराच निम्मा निकाल ठरवतो, असं माझं तरी मत.

मी एकदा मनानेच आकडे टाकून १२ शहरांचं एक्सेल शीट केलं, खर्च आणि उत्पादन मिळून रकाने ७, तर ९ शहरं पहिली आली, मी खूश, मग कळलं की रकान्यांच्या निदान तिप्पट शहरं हवीत, नाहीतर जो तो कुठल्या ना कुठल्या विषयात हुशार निघतो. आणि १ म्हणजे फक्त यादीतल्या बाकीच्यांपेक्षा बरं, सगळीच ढ असली तरी त्यातल्या कुणाला तरी १ मिळतोच.