शाळा हाकलणाऱ्याच्या घरात शाळा

इंग्लंडच्या डॉर्सेटमधलं मिल्टन अ‍ॅबस फोटोत पाहिलं तेव्हा मला खोटंच वाटलं होतं. उतारावर एकच रस्ता, दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली पांढरी जोडघरं, सगळी एका साच्यातली. गाव असं वसतं का कधी? हे वसवलेलं आहे, दुसरं गाव उठवून.

खाली तळ्याकडे उतरून थोडं चाललं की मठाचं चर्च दिसतं. ९६४ मध्ये इथे बेनेडिक्टाइन भिक्षू आले. १३०९ मध्ये वीज पडून चर्च जळलं. पुन्हा बांधायला घेतलं, पण पुरं झालंच नाही. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि पुढच्याच वर्षी जॉन ट्रेगनवेलने तो हजार पौंडांना घेतला. हा हेन्रीच्या घटस्फोटाच्या कामातला वकील. बक्षिशीच म्हणा ना!

खरा गडी आला १७५२ मध्ये: जोसेफ डेमर, पुढचा लॉर्ड मिल्टन. मठाच्या बहुतेक इमारती पाडून त्याने विल्यम चेंबर्सकडून वाडा बांधून घेतला. पण खिडकीतून पाहावं तर समोर बाजारपेठेचं गाव! शंभरावर घरं, गुत्ते आणि मठाधिपतींनी १५२१ मध्ये काढलेली शाळा. ट्रफल्गरला नेल्सनच्या जहाजाचा कप्तान असलेला हार्डी तिथेच शिकला. डेमरला मात्र पोरं बागेतली फळं पळवतात एवढंच दिसायचं म्हणे. भाडेपट्टे संपतील तशी घरं पाडत त्याने गाव पुसलं, माणसं टेकडीआडच्या नव्या रस्त्यावर नेऊन ठेवली. एक वकील हटेना, तेव्हा तळ्याची दारं उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं, असं सांगतात. माझं आजोळ कोयनेच्या पाण्यात गेलं; तिथे निदान धरण तरी होतं. इथे साहेबांना नुसती हिरवळ हवी होती. शाळा हलवायला मात्र संसदेचा कायदा लागला. १७८५ मध्ये ती ब्लँडफर्डला गेली.

आणि १९५४ मध्ये त्याच वाड्यात मुलांची निवासी शाळा सुरू झाली!

मी २०१८ च्या उन्हाळी सुट्टीत गेले होते. मठाधिपतींचं १४९८ चं दालन डेमरने पाडलं नव्हतं. ते वाड्याच्या पोटात तसंच आहे. वर काळपट लाकडी छत, खाली ओळीने जेवणाची टेबलं. एका टेबलाच्या कडेवर कुणीतरी कर्कटकाने नाव कोरायला घेतलेलं, तीन अक्षरांवर सोडून दिलेलं.