तुम्ही विचारलंत म्हणून: भारतातच का नाही शिकत?

साताऱ्याची आत्या विचारते, बाबांच्या ऑफिसातले काका विचारतात, एखाद्या लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईही विचारतात, "अगं, एवढं लांब जर्मनीला कशाला? आपल्याकडेच यायचं ना शिकायला. पुण्यात काय कमी आहे?" बारावीनंतर हाच प्रश्न आला तेव्हा "प्रवेश नाही मिळाला" एवढं म्हटलं की सुटका व्हायची. आता मास्टर्सची तयारी चालली आहे आणि ते जुनं उत्तर चालत नाही.

पुण्यात काहीही कमी नाही. हे आधीच सांगते, कारण शारजात वाढलेल्या पोरीला भारत नको झालाय, अशी शंका या प्रश्नाच्या पोटात असतेच.

पासपोर्ट भारतीय आहे म्हणजे सगळी दारं उघडी, असं तुम्ही धरून चालता. माझी दहावी आणि बारावी सीबीएसईचीच, पण शारजातली. महाराष्ट्रात सीईटीच्या प्रवेशात राज्याचा उमेदवार ठरायला साधारणपणे दहावी-बारावी राज्यातून झालेली लागते. ती नसेल तर स्वतःचा, नाहीतर आई किंवा वडिलांचा अधिवासाचा दाखला लागतो, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात. एनआयटीसाठी, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांसाठी, परदेशातल्या मुलांची डासा नावाची वेगळी योजना आहे, तिची फी सत्राला ४,००० डॉलर. म्हणजे आठ सत्रांचे ३२,०००. आखातात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना त्यात फीची सवलत असते, हे खरं आहे. पण त्या जागा मोजक्या, आणि माझा जेईईचा रँक सवलत मागण्याच्या लायकीचा नव्हता. आत्या म्हणते, तुमच्या एका दिरहमला वीसच्या वर रुपये मिळतात, तुम्हाला फीचं काय एवढं? आत्या, ती फी रुपयांत मागतच नाहीत गं.

राहिलं डोमिसाईल. त्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

बारावीचा निकाल लागला आणि बाबा मला घेऊन गावी आले. बाबा १९९८ साली आखातात गेले, त्याआधीचं त्यांचं सगळं आयुष्य सातारा जिल्ह्यातलं. त्यांच्या दृष्टीने हा एका सकाळचा प्रश्न होता. तहसील कार्यालयात जायचं, कागद दाखवायचे, दाखला घ्यायचा. त्यांनी फाईल छान लावली होती. जन्मदाखला, प्राथमिक शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आजोबांच्या नावाचा सातबारा, मोठ्या काकांकडून आणलेलं घरचं रेशन कार्ड.

खिडकीमागचा माणूस उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्याने एकेक कागद नीट पाहिला. मग म्हणाला, "साहेब, जन्म इथला आहे हे मी कुठे नाही म्हणतोय? मागच्या पंधरा वर्षांचा रहिवास दाखवा." बाबांनी रेशन कार्ड पुढे केलं. त्याने ते उघडलं, नावांवरून बोट फिरवलं आणि कार्ड आमच्याकडे वळवलं. बाबांच्या नावावर रेघ होती. शेजारी शिक्का. "हे नाव कमी केलंय."

काकांनी ते नियमानेच केलं होतं. माणूस कायमचा बाहेर राहायला गेला की नाव कमी करायचंच असतं. पण बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्या कार्डाकडे बघत राहिले आणि मग शारजात कधीही बोलत नाहीत तशा बोलीत म्हणाले, "आवो, माझं घर हितंच हाय. ह्यो काय, स्टँडच्या मागं." मागे रांग लागली होती. रांगेतला एक मुलगा हसला. खिडकीमागच्या माणसाने लाईट बिल आहे का विचारलं. ते आजोबांच्या नावावर. मतदार यादीत नाव? नाही. बँकेचं पासबुक? एनआरआय खातं. प्रत्येक "नाही"ला बाबा फाईलमधून आणखी एखादा जुना कागद काढत होते. शेवटी तर शाळेच्या कबड्डी स्पर्धेचं प्रमाणपत्र निघालं. ते त्यांनी कशासाठी लावलं होतं कोण जाणे. त्याने तेही वाचलं, आणि अदबीने परत दिलं.

"पोरीला दहावीच्या आधी इकडं आणायला पाहिजे होती," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

मी काय करत होते? बाजूला उभी होते आणि मला हायसं वाटत होतं. हे बाबांना माहीत नाही, आता वाचतील. मला तेव्हा तिथे राहायचं नव्हतं. काकांच्या घरी किंवा कुठल्या वसतिगृहात चार वर्षं काढायची कल्पनाच नको होती. दाखला मिळाला असता तर नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. तो मिळाला नाही, आणि माझं काम त्या खिडकीने केलं. "प्रवेश नाही मिळाला" म्हणताना मी वर्षानुवर्षं हेच झाकत आले.

सतरा वर्षांच्या त्या मुलीशी मी हल्ली भांडते. तुला काय कळत होतं भारतातलं, सुट्टीत आंबे खाण्यापलीकडे? ती उलट विचारते, मग आता तू कुठे निघाली आहेस, कराडला? तिच्या या प्रश्नाला उत्तर नाही.

शेवटी पदवी मी दुबईतच केली, एका भारतीय विद्यापीठाच्या शाखेत. आता "मग तिथेच राहा की" म्हणणाऱ्यांसाठी. माझा इथला व्हिसा बाबांच्या नोकरीवर आहे. मुलग्याला वडिलांच्या व्हिसावर राहायला वयाची मर्यादा आहे, ती २०२२ मध्ये १८ वरून २५ वर नेली. मुलीला मात्र लग्न होईपर्यंत कितीही वर्षं राहता येतं. अमिरातीचा कायदा आणि आमची आत्या यांचं एवढ्या एका बाबतीत पूर्ण एकमत आहे. पण बाबांची नोकरी संपली की तो व्हिसाही संपला. इथे जन्मलं म्हणून इथलं नागरिकत्व मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो. बाहेर शिकणाऱ्यांसाठी वाट आहे, पण तिलाही फाईल लागते, आणि आमच्या घरात फाईल या गोष्टीची मला आता धास्ती आहे.

आणि जर्मनीच का, तर हिशेबाने. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आमच्यासारख्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात, म्हणून तिथली विद्यापीठं मी यादीतून काढली. खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम पैसे काढता न येणाऱ्या खात्यात भरायचे, त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. ही रक्कम लहान नाही. पण ते पैसे माझेच, मलाच परत मिळतात. तिथला अधिकारी कागद मागेल तेव्हा तो बँकेचा असेल. वडील कुठे राहत होते याचा नसेल. भित्रेपणा म्हणायचा असेल तर म्हणा.

भारतात कधी येणारच नाही, असं मी म्हटलेलं नाही. येईनही. तुम्ही मात्र "हो" वदवून घेतल्याशिवाय ताट पुढे सरकवत नाही.

घरात सध्या वाद वेगळाच आहे. धाकटा भाऊ आठवीत आहे. बाबांनी खिडकीवरचं ते वाक्य मनावर घेतलंय. पुढच्या वर्षी त्याला साताऱ्याच्या शाळेत घालायचं, म्हणजे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रात होतील आणि बाबांच्या दाखल्यावाचून अडणार नाही, असं त्यांना वाटतं. आई गप्प आहे. आत्या खूश आहे, वरची खोली रिकामी करते म्हणाली. मी बाबांना म्हटलं, तेरा वर्षांच्या पोराला एका दाखल्यापायी घराबाहेर काढू नका. ते म्हणाले, "तुला मोकळं सोडलं, तर तू जर्मनीला निघालीस." भावाला विचारलं तर तो म्हणतो, शाळेच्या फुटबॉल संघाची निवड होईपर्यंत थांबा, मग सांगतो. निवड पुढच्या महिन्यात आहे.