उंडो, पोयी आणि दाबलेलं हसू

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या रविवारच्या साक्रामेंत सभेत, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ प्रसाद वाटण्याच्या सभेत, द्राक्षरस नसतो. पाव आणि पाणी. पाव कुठला याला बंधन नाही, आणि गोव्यात फजिती तिथूनच सुरू होते. पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) उंडो, म्हणजे कडक गोल पाव, घ्याल तर त्याचं कवच भर शांततेत कडाडतं. पोयी हा दुसरा गोवन पाव आतून पोकळ, वर कोंडा. पांढऱ्या कापडावर तुकड्यांपेक्षा भुगाच जास्त. साधा मऊ पाव बरा. तोही स्तोत्र संपेपर्यंत मोडून व्हावा, नाहीतर वाजवणारा तीच चाल लांबवत बसतो.

पाण्याचे इवलेसे प्याले काठोकाठ भरू नयेत. ट्रे बारा-तेरा वर्षांची मुलं फिरवतात. पाय अडखळला की पुढच्या बाकाला अभिषेक!

खरी कसोटी प्रार्थनेची. ती शब्दशः म्हणावी लागते. चूक झाली की बिशप, म्हणजे त्या मंडळीचे प्रमुख, पुन्हा म्हणायला लावतात. घाबरलेला पोरगा पाण्यावर पावाची प्रार्थना सुरू करतो, म्हणून छापील कार्ड समोर हवंच. पाठ आहे म्हणणारेच जास्त चुकतात.

महिन्याचा पहिला रविवार बहुधा उपासाचा. त्या दिवशी आपल्या श्रद्धेबद्दल बोलायला माईक सगळ्यांना खुला असतो: पोटं गुरगुरतात आणि लहान मुलं घरातली भांडणं सांगून मोकळी होतात.