खांदेमळणी गाडीची पण करा

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी असायची. हळद अन् तूप घेऊन खांदे चोळायचे आणि कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आजोबा नुसतं तूप लावत नव्हते, बोटानं चाचपून बघायचे, खांदा सुजलाय का, जू घासून कातडं निघालंय का, कारण वर्षभराचा सगळा भार त्या खांद्यावरच. आता दारात बैल नाहीत, बारा वर्षं जुनी गाडी आहे, आणि तिचा खांदा म्हणजे सस्पेन्शन, चाकं आणि गाडीच्या मधले भार पेलणारे स्प्रिंग, शॉकअप अन् सांधे. ते मी कधी चाचपून बघितलंच नव्हतं.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात कसा पाऊस झाला ते सगळ्यांना माहिती आहे. आमच्या गावचा रस्ता आधीच खड्ड्यांचा, त्यात पंधरा दिवस चिखल. पुढच्या डाव्या चाकातून वळताना कटकट आवाज यायलाय हे मला कळत होतं, पण खालचं प्लास्टिक ढिलं झालं असंल म्हणून सोडून दिलं. दसऱ्याला गाडी वरून धुतली, हार घातला, लिंबू बांधलं, खाली वाकून बघितलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी नांदेडहून येत होतो, आई आणि दोन्ही पोरं गाडीत, हायवेला नव्वदचा स्पीड, आणि फाट्यावरून गावाकडं वळलो तेव्हा फार तर पंधराचा स्पीड असंल, धाडकन आवाज झाला आणि गाडी डाव्या बाजूनं खाली बसली. उतरून बघतो तर चाक खालून बाहेर फाकलेलं, टायर वर मडगार्डला टेकलेला. कुणाला काही झालं नाही. पण हेच अर्ध्या तासापूर्वी हायवेवर झालं असतं तर, हा विचार अजून रात्री येतो.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी लोअर आर्मचा बॉल जॉइंट हातात दिला, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या टोकाचा, वाटीत गोळा फिरणारा सांधा. त्याच्यावरचं रबरी बूट फाटलेलं होतं, आतलं ग्रीस कधीच निघून गेलेलं आणि त्या जागी आपली काळी माती, वाळून घट्ट झालेली. पाणी, माती आणि गंज यांनी आतला गोळा इतका झिजवला की तो वाटीतून निसटून बाहेर आला. मिस्त्री म्हणले, "दादा, हे एका दिवसात होत नाही, महिनाभर हे वाजत असणार."

लोक म्हणतात गंज कोकणात लागतो, आपल्याकडं कोरडी हवा. हवा कोरडी आहे, पण काळी माती पाणी धरून ठेवते, चेसिसच्या कोपऱ्यात आणि स्प्रिंगच्या खालच्या वाटीत ती बसली की वरून ऊन पडलं तरी आत ओल राहते, आणि पिकअपमधून खताच्या गोण्या नेत असाल तर सांडलेलं खत लोखंडाला मीठासारखंच खातं.

म्हणून पावसाळा संपला की एकदा आणि नंतर दर 10 हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, खालून बघतोच. गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडायचा, एकदा-दीडदा हलून थांबली तर ठीक, डोलतच राहिली तर शॉकअप गेले. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलंय का बघायचं. शॉकअप गेले की ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते, हे पुष्कळांना माहितीच नसतं. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं, खटखट लागली तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं, ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर बॉल जॉइंट. नुसतं डावी-उजवीकडं धरून हललं तर टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगनं चाक वळवणारा दांडा. पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका, बाकीच्या चाकांना दगड लावा आणि खाली शिरायचं असंल तर सरळ गॅरेजच्या लिफ्टवर न्या.

वरवरचा लालसर गंज चालतो. पापुद्रे निघायले, स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर तो आत रुतायला लागला, तर तो पार्ट बदलायचाच, त्यावर रंग मारून भागत नाही. शॉकअप बदलताना दोन्ही बाजूचे सोबत बदला आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या.

आणखी एक, वॉशिंगवाले गाडी धुऊन झाली की खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारतात, गंज लागू नये म्हणून. मी आता मारू देत नाही. त्यानं सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या बुशांचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. वर धूळ चिकटते ती वेगळीच. साध्या पाण्याच्या प्रेशरनं माती काढा, तेवढं पुरे.

मागच्या महिन्यात चुलतभावाची पिकअप अशीच बघितली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यात, पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टजवळ केसाएवढी चीर होती, तिच्या कडेनं गंजाची लाल रेघ उतरलेली. तो म्हणला, "एवढ्या दोन खेपा होऊ दे, मग बघू." मी चावी काढून खिशात घातली आणि नवा पाटा बसल्यावरच त्याला दिली.