खोकं गेलं, नाव गेलं

खेळातल्या आगगाडीच्या इंजिनाला नाव असतं, नंबर असतो, पोटाखाली कारखान्याचा शिक्का असतो. स्टेशनाला काय असतं? फलाट, दोन धुराडी आणि तळाशी कोरं लाकूड. पुण्यात कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातसुद्धा पोरांचे डोळे गाडीमागे धावतात. इमारतींकडे लक्ष जायचं ते गाडी नजरेआड झाल्यावर. त्यामुळे इंजिनं बनवणाऱ्यांवर जाडजूड ग्रंथ निघाले, आणि त्यांची स्टेशनं बांधणारे मात्र नाव ना गाव असे राहिले.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे निघालेल्या लाकूड-पुठ्ठ्याच्या इमारतींचंच बघा. हॉर्नबी डब्लो ही छोटी गाडी 1938 साली आली, सोबत लाल किंवा हिरव्या छपरांची लाकडी स्टेशनं. युद्धात सगळं थंडावलं. नंतर गाड्या परतल्या, पण ती लाकडी स्टेशनं परतली नाहीत. ही फट छोट्या कारागिरांनी करवत आणि सरस घेऊन भरली. नाव छापलं ते खोक्यावर, किंवा तळाला डकवलेल्या चिठ्ठीवर. खोकं नाताळच्या सकाळीच फाटलं, चिठ्ठीचा डिंक यथावकाश सुकला. आज कुठलंही बिनशिक्क्याचं लाकडी स्टेशन ‘युद्धापूर्वीचं हॉर्नबी’ म्हणून विकायला येतं. विकणाऱ्याला तेवढं एकच नाव माहीत असतं, म्हणून.

मग अशा बिननावाच्या स्टेशनाचा खरा कारागीर शोधायचा कसा? पहिलं काम पट्टीचं. ब्रिटिश ‘डबल ओ’ मापात एका फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे साडेसहा फुटी दार 26 मिलिमीटर भरतं. 23 च्या आसपास भरलं तर माप ‘एच ओ’, युरोप-अमेरिकेकडचं. 45 भरलं तर मोठं ‘ओ’ गेज. इमारतीची लांबी मोजून काही कळत नाही. टेबलावर मावावी म्हणून ती सगळेच आखडती घ्यायचे.

मग तळ. वरून उजेड पाडला तर काही दिसत नाही. विजेरी टेबलाला टेकवून तिरपा झोत सोडला की पुसट रबरी शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली किंमत वर येते. ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरावा. शिक्क्याची शाई आणि पाण्यातला रंग, दोन्ही फडक्याबरोबर जातात. भिंतींवर डकवलेला, विटा छापलेला कागद अतिनील दिव्याखाली धरावा. साधारण 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत उजळपणासाठी घातलेलं रसायन असतं, ते निळसर चमकतं. एकच कोपरा चमकला तर इमारत जुनी आणि ठिगळ नवं. खिडक्यांना कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, व्हिनेगरचा आला तर कुजायला लागलेलं अ‍ॅसिटेट. काडी पेटवून परीक्षा मात्र कधीही करू नये; सेल्युलॉइड भपकन पेटतं.

चिठ्ठी शाबूत मिळाली तरी हुरळून जायचं कारण नाही. बरेचदा ती दुकानदाराची असते आणि संशोधक वर्षभर दुकानदाराची वंशावळ काढत बसतो. पण तारीख तिच्यावरूनही लागते. शिलिंग-पेन्समधली किंमत 15 फेब्रुवारी 1971 च्या, म्हणजे ब्रिटनमध्ये दशमान नाणी येण्याच्या, आधीची. ‘अधिक पर्चेस टॅक्स’ (खरेदीवरचा कर) असेल तर ऑक्टोबर 1940 नंतरची. लंडनच्या पत्त्यात ‘एस. ई. 1’ असा टपाल विभागाचा आकडा आला की 1917 च्या पुढे यायचं.

खरा पुरावा जाहिरातीत असतो. आणि इथेच घात होतो. ‘मॉडेल रेल्वे न्यूज’ (1925 पासून) किंवा ‘रेल्वे मॉडेलर’ (1949 पासून) या छंदाच्या मासिकांचे अंक ग्रंथालयांत बांधले गेले तेव्हा बाइंडरने मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं बरेचदा काढून टाकली. लेख जपले, दोन इंची चौकटी रद्दीत गेल्या. आपला माणूस नेमका त्या चौकटीत होता! म्हणून बांधीव खंडापेक्षा सुटे, कळकट अंक घ्यावेत. एका अंकावर थांबू नये. महिन्यामागून महिना लावला की पहिली जाहिरात, बदललेला पत्ता, वाढलेली किंमत आणि अचानक आलेली शांतता दिसते.

पत्ता लागला की माणसाचा पत्ता लागतो. केलीच्या निर्देशिका, म्हणजे कुठे कोण राहतं याच्या छापील याद्या, रस्त्यावार लावलेल्या असतात, त्यात त्या नंबरच्या घरात कोण होतं ते बघावं. 1916 च्या ब्रिटिश कायद्याने, स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्याला मालकाचं खरं नाव पत्रांवर आणि सूचिपत्रांवर छापावं लागे. म्हणून एखादं जुनं बिलाचं पत्र दहा इमारतींपेक्षा मोलाचं. भागीदारी मोडली असेल तर ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात बहुधा चार ओळी सापडतात.

आणि 29 सप्टेंबर 1939 ची नोंदवही, म्हणजे युद्ध सुरू होताच सरकारने केलेली माणसांची नोंद, विसरू नये. 1931 च्या जनगणनेचे इंग्लंड-वेल्सचे कागद 1942 साली आगीत गेले, 1941 ची गणना झालीच नाही. मधल्या काळात घरोघरचा व्यवसाय सांगणारी एवढीच एक नोंद. तिथे आपला कारागीर ‘सुतार’ किंवा ‘कारकून’ म्हणून भेटतो. स्टेशनं बांधण्याचा उद्योग त्याने पुढे मांडला असेल, तर 1951 ची जनगणना 2052 साली खुली होईल. तोवर स्टेशन आम्लरहित कागदात सैल गुंडाळून ठेवावं. प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको, त्या खिडक्यांना हवा लागते.